अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर खर्चाचा हिशेब कोण मागतो? पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत काय होतं, दिल्लीत संसदेत काय?

उत्तर: लोकलेखा समिती, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी आमदारांची किंवा खासदारांची समिती. पण ती पैसे खर्च झाल्यावर जागी होते, हे आधी ध्यानात घ्या.

सुरुवात कॅगपासून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांपासून होते. गोव्याबाबतचा त्यांचा अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार राज्यपालांकडे जातो, तिथून विधानसभेच्या पटलावर. वर्तमानपत्रात एक दिवस मथळे झळकतात आणि लोक विसरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. समिती त्यातले आक्षेप निवडते, खात्याकडून लेखी खुलासा मागवते आणि सचिवांना समोर बसवते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला? मंजूर निधी पडून का राहिला? काम अर्धवट असताना बिल कसं चुकतं झालं? फाईल सोबत नसेल तर साहेबांची पंचाईत होते.

संसदेच्या समितीत २२ खासदार असतात, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे, आणि माझ्या मते समितीचा दरारा टिकलाय तो यामुळेच.

शिफारशी मात्र बंधनकारक नसतात. सरकारला त्यांवर काय केलं ते कळवावं लागतं, एवढंच. गोव्यात बस चालवणाऱ्या कदंबसारख्या सरकारी महामंडळांचा हिशेब सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातो.