‘वाण नाही पण गुण लागला’: यातलं वाण कोणतं?

प्रश्न असा आहे: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतलं वाण संक्रांतीचं की बियाण्याचं?

संक्रांतीचं तर नाहीच. ते ‘वायन’वरून आलं. म्हणीतलं वाण म्हणजे वर्ण, रंग. कर्णाचा कान, पर्णाचं पान, तसं वर्णाचं वान. जुन्या मराठीत हे रूपही दिसतं. ‘सावळ्या वाणाचा’ आपण अजून म्हणतोच. बियाण्याचं वाण बहुधा याच घरचं, त्यामुळे कुणी म्हणीत ‘जात’ असा अर्थ लावला तर मी भांडणार नाही. पण बैलांची नावंच रंगांवरून पडलीत! धवल तो ढवळ्या, पोवळ्याच्या रंगाचा तो पवळ्या. म्हणजे तांबूस, पिवळा नव्हे.

अर्थात पोवळं बैलाच्या पाठीवर ठेवून पाहिलंत तर नाव ठेवणाऱ्याचा हात फारच सैल होता हे कळेल. बिचाऱ्या बैलाकडे भांडवलच तेवढं. सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं मुख्यतः दोन, दोन्ही मेलॅनिनच: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळट-तांबूस. त्यांच्याच कमीजास्त मिसळीतून तांबडा, करडा, काळा, बांडा. नीलगायीतलं ‘नील’सुद्धा नराच्या अंगावरची निळसर राखाडी झाक, बाकी कौतुक. हळद्या पक्ष्याचा पिवळा मात्र खाण्यातून आलेल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. नीलकंठाच्या पिसात तर निळं द्रव्यच नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. पीस कुटून बारीक केलं की निळाई गायब.

मुळात रंग पाहणारं कोणी हवं ना? पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या, आपल्या तीन, बैलाच्या दोनच. डायनोसॉरच्या काळात आपले सस्तन पूर्वज बहुतेक रात्रीचे फिरत. अंधारात रंगांपेक्षा नाक आणि कान कामाचे, तेव्हाच ही गळती झाली असं मानतात. स्पेनमधल्या झुंजीतला बैलही फडक्याच्या लाल रंगावर नाही, त्याच्या हलण्यावर धावून जातो.

तेव्हा पवळ्याचा तांबडा वाण शेजारच्या ढवळ्याला आपल्याला दिसतो तसा दिसतच नाही. गोठ्यात नवी गाय आली तर तो मान वर करून, वरचा ओठ मुडपून वास घेईल. तिचा रंग त्याच्या खिजगणतीतही नसेल.