तुझ्या पोरांना काय लिहायचं

प्रिय मॅडम,

(हो, कॉलेजात फिजिकल डायरेक्टर झालीस म्हटल्यावर मॅडमच म्हणणार, तू कितीही डोळे वटार.)

तुझा मेसेज वाचला. बास्केटबॉल टीममधली पोरं एकेक करून आर्मीत गेली, कुणी अग्निवीर, कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत, आणि आता त्यांना काहीतरी लिहावं असं वाटतं पण "जय हिंद, काळजी घे" याच्यापुढे हात चालत नाही म्हणतेस. फोनवर दोन वाक्यात सांगून मोकळा झालो असतो पण मग तू ते विसरली असतीस, म्हणून टाइप करत बसलोय. लांबलं तर चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे जोश भरू नकोस. जोश भरायला तिथे सुभेदार साहेब आहेत, पहाटे पाचला उठवून भरतात. तुझ्याकडून त्यांना तेच परत नकोय. त्यांना हवंय ते असं की ग्राउंडवरच्या कोपऱ्यातल्या बोर्डची रिंग अजून वाकडीच आहे का, झोनलला आपल्याला कुणी धुतलं, शिपाईमामा रिटायर झाले का, आणि त्याच्या बॅचचा तो डावखुरा सध्या कुठे आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

तुला फॉग अॅलन या बास्केटबॉल कोचबद्दल मी कधी बोललोय का आठवत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं छोटं गाव आहे, कॅन्सस युनिव्हर्सिटीचं. नेस्मिथ माहितीये ना, १८९१ ला बास्केटबॉल ज्याने काढला तो, तो पुढे याच लॉरेन्सला येऊन राहिला आणि १९३९ ला तिथेच गेला. गंमत बघ, खेळ ज्याने शोधला तोच त्या युनिव्हर्सिटीचा एकमेव कोच आहे ज्याचा रेकॉर्ड हरण्याकडे झुकलेला आहे! नेस्मिथला वाटायचं की हा खेळ शिकवायची गोष्टच नाही, नुसता खेळायचा. त्याच्या हाताखाली खेळलेल्या अॅलनने मात्र आयुष्यभर तो शिकवला, आणि १९२७ ला अमेरिकेतल्या बास्केटबॉल कोचांची संघटना उभी केली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल घुसवण्यासाठी मागे लागलेल्यांत तो पुढे होता. फॉग हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं, धुक्यात जहाजं भोंगा वाजवतात तसा आवाज, तरुणपणी बेसबॉलला अंपायरिंग करायचा तेव्हापासून. ऑस्टिओपथी, म्हणजे हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करायची विद्या, शिकलेला होता म्हणून पोरं त्याला डॉक पण म्हणायची, मुरगळलेला पाय स्वतःच बघायचा. एकूण माणूस भारी पण बोलायला लागला की थांबायचा नाही असा, आपल्याकडे प्रत्येक जिमखान्यात एक असतोच.

आता मुद्द्यावर येतो. १९४२-४३ चा त्याचा संघ त्यांच्या बिग सिक्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सहा युनिव्हर्सिटींच्या लीगमध्ये, एकही मॅच न हरता पहिला आला. त्यात रे इव्हान्स होता, चार्ली ब्लॅक होता, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर युनिव्हर्सिटीने पोस्टरवर छापावेत असे प्लेअर. आणि त्याच वर्षी संघ फुटला. हरून नाही, भांडून नाही, दुसरं महायुद्ध चालू होतं आणि एकेकाला फौजेचं बोलावणं आलं. कुणी एअर फोर्सला, कुणी नेव्हीला, कुणी मरीन्समध्ये. ब्लॅक तर फायटर पायलट झाला. कॅम्पसवर नेव्हीचे ट्रेनिंग घेणारे कॅडेट आले, पेट्रोलचं रेशनिंग लागलं, त्यामुळे मॅचला बाहेरगावी जायचं म्हटलं तरी आधी विचार करायचा. कोचने काय करायचं अशा वेळी? बहुतेकांनी आहेत त्या पोरांना घेऊन सीझन काढला. अॅलनने सीझन तर काढलाच, पण फौजेत गेलेल्यांसाठी एक बातमीपत्र चालू केलं, जेहॉक रिबाउंड्स नावाचं. जेहॉक म्हणजे त्यांच्या युनिव्हर्सिटीचा पक्षी, असा पक्षी खरं तर नसतोच.

या बातमीपत्रात तो स्वतःच्या मनातलं भरभरून लिहायचाच, पण खरी गंमत ही की पोरांकडून आलेल्या पत्रांतले तुकडे त्यात टाकायचा. पॅसिफिकमधल्या कुठल्या तरी बेटावरून एकाने लिहिलेलं युरोपातल्या दुसऱ्याला वाचायला मिळायचं. आता विचार कर, ही पोरं एकमेकांना कशी शोधणार होती? कुणाचाच पत्ता कायम नाही, आज ट्रेनिंग कॅम्प, उद्या जहाज, परवा काय माहीत. बदललेला पत्ता प्रत्येकजण आईला कळवायचा आणि कोचला. संघ कोर्टवर उरला नव्हता, कागदावर होता, आणि त्या कागदाचं पोस्ट ऑफिस म्हणजे अॅलनचं टेबल.

तुला हेच करायचंय. तू प्रत्येकाला सुटं सुटं पत्र लिहायला बसलीस की तिसऱ्या पत्राला शब्द संपणार, सगळ्यांना तेच "कसा आहेस, जेवतोस ना" जाणार. त्यापेक्षा एकाची बातमी दुसऱ्याला सांग. अमक्याला मुलगी झाली, तमक्याचं नाईक म्हणून प्रमोशन आलं, सगळ्यात उंच होता तो बटालियनच्या टीमकडून खेळतोय आणि अजूनही फ्री थ्रो चुकवतोय. बघ, हात आपोआप चालेल. आणि एक पत्र सगळ्यांना असलं तरी खाली दोन ओळी प्रत्येकाला हाताने लिही, फक्त त्याच्यापुरत्या, ज्या दुसऱ्याला वाचून कळणारच नाहीत अशा.

तू म्हणशील सर मोबाईलच्या जमान्यात पत्र कसलं. बरोबर आहे, एरवी ग्रुपवर मेसेज टाक, फोटो टाक, मी कुठे नको म्हणतो. पण २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा तूच मला फोन केला होतास की पोरांच्या मेसेजला नुसती एक टिक दिसतेय, दुसरी येतच नाही. आणि आर्मीने २०२० साली जवानांना फोनमधून फेसबुकसकट ८९ अॅप काढून टाकायला सांगितली होती तेही लक्षात ठेव. म्हणजे नेमकी जेव्हा घरची आठवण सगळ्यात जास्त येते तेव्हाच फोन मुका होतो. टपाल मात्र उशिरा का होईना पोचतं. नंबर, रँक, नाव, युनिट, मग ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा पिन, बस. गावाचं नाव लिहायचंच नाही. तू कराडहून टाकलंस तरी ते आधी दिल्लीला किंवा कोलकात्याला आर्मीच्या पोस्टात जातं, युनिट कुठे हलली ते त्यांना माहीत असतं, तुला माहीत असायची गरज नाही. म्हणून पोराला "सध्या कुठे आहेस" हे विचारू नकोस, फोनवर पण नाही आणि पत्रात तर नाहीच. सांगता येत नाही म्हणून त्याला उगाच अवघडल्यासारखं होतं.

अॅलनच्या पोरांची पण हीच अडचण होती. तिकडे पत्र सेन्सॉर व्हायचं, शिपायांची पत्रं त्यांचाच ऑफिसर वाचायचा, जागेचं नाव दिसलं की कात्री. आणि जहाजात पत्रांच्या गोणी ठेवायला जागा नाही म्हणून १९४२ च्या जूनपासून व्ही-मेल निघालं. एक पानी फॉर्म, त्यात चौकटीत लिहायचं, त्याचा फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि तिकडे छोट्या कागदावर प्रिंट काढून द्यायची. दीड लाख पत्रांना ३७ गोणी लागायच्या ते एका गोणीत बसायला लागलं. अक्षर बारीक असेल तर प्रिंट वाचताच यायची नाही, आणि बायका पत्रावर लिपस्टिकचा ठसा उमटवायच्या तो मशीनमध्ये पसरायचा म्हणून पोस्टवाले वैतागलेले! हे उगाच सांगितलं, पण मला आवडतं. एक मात्र घे यातून, अक्षर मोठं काढ. तुझं अक्षर मी स्कोअरशीटवर बघितलंय.

आता अवघड गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण मेसेजमध्ये मधेच अर्धं वाक्य टाकून सोडून दिलंस. समजा एखादा परत आलाच नाही तर.

अॅलनचा एक जुना खेळाडू, मरीन्समधला लेफ्टनंट, १९४४ च्या जुलैत ग्वाम बेटावरच्या लढाईत गेला. त्याची पत्रं यायची, त्यातला मजकूर अॅलन सगळ्यांना पाठवायचा. मग अॅलनने सगळ्यांना त्याच्याबद्दल लिहिलं. मला यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की त्याने लिहिलं. गप्प बसला नाही, नाव यादीतून गुपचूप काढलं नाही. आपल्याकडे काय होतं माहितीये ना, माणूस गेला की ग्रुपवर दोन दिवस फुलांचे फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली, मग त्याचा विषयच कुणी काढत नाही कारण वाईट वाटतं. तू तसं करू नकोस. तो कसा खेळायचा ते लिही, कुणाशी भांडला होता, कुणाचे शूज घालून मॅच खेळला होता, हे लिही. हुतात्मा बिता शब्द वापरायला मंत्रीसाहेब येतात, चौकात बॅनर लागतात. त्याच्या शूजची गोष्ट फक्त तुम्हाला माहितीये.

आणि त्याच्या आईकडे जा. पत्र नको, स्वतः जा. बारावं-तेरावं झाल्यावर गर्दी ओसरते, तेव्हा जा. काही बोलावं लागत नाही. टीमचा एखादा फोटो नेलास तर बरं, त्यांच्याकडे बहुतेक वर्दीतलेच फोटो असतात.

यापेक्षा जास्त वेळा तुला तोंड द्यावं लागेल ते जखमी होऊन आलेल्या पोराला, त्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. बॉब डोल नाव ऐकलं असशील, १९९६ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा होता आणि क्लिंटनकडून हरला. तो १९४१ ला कॅन्सस युनिव्हर्सिटीत आला तो अॅलनकडे बास्केटबॉल खेळायचं म्हणून. एकदम तगडा पोरगा, धावपटू. १४ एप्रिल १९४५ ला इटलीत डोंगरात गोळीबारात खांदा आणि पाठीचा मणका गेला, युद्ध संपायला महिनासुद्धा राहिला नव्हता. (याच शेवटच्या चढाईत, पाचच दिवस आधी, इटलीतच सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आपल्या नगर जिल्ह्यातले. पोरांना लिहिशील तेव्हा हे पण लिही, त्यांच्या रेजिमेंटचं आहे.) डोल तीन वर्षांहून जास्त हॉस्पिटलांत होता, उजवा हात पुढे आयुष्यभर कामाचा राहिला नाही. शिकागोतल्या डॉक्टर केलिकियननी ऑपरेशनची फी घेतली नाही पण हॉस्पिटलचा खर्च तर होताच. तेव्हा त्याच्या रसेल नावाच्या गावाने वर्गणी काढली. सिगारचा खोका ठेवला आणि लोकांनी त्यात टाकले, ज्याला जे जमेल ते, १८०० डॉलर झाले. तो खोका डोलने जन्मभर जपून ठेवला.

आपल्या गावात गणपतीची वर्गणी कशी जमते ते तुला माहितीये, तर हेही जमेल. पण त्यासाठी कुणीतरी पहिल्यांदा दार वाजवावं लागतं, आणि ते तू असशील कारण पोराला आणि गावाला दोघांनाही ओळखणारी तूच. सरपंच, पतसंस्थेचा चेअरमन, मेडिकलवाला, माजी सैनिक संघटनेचे अण्णा, यांच्याशी आत्तापासून बोलणं ठेव. काम पडल्यावर ओळख काढायला गेलं की लोक पावती पुस्तक बघतात. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन ये, कुठला अर्ज कुठे द्यायचा ते समजून घे. पोराच्या वडिलांना तो अर्ज वाचता येईलच असं नाही, आणि लाजेने ते विचारणार पण नाहीत.

अजून एक, बारीक आहे. पत्राचं उत्तर नाही आलं तर रुसू नकोस. तुझ्या पोरांपैकी निम्म्यांनी आयुष्यात परीक्षेच्या पेपराशिवाय काही लिहिलेलं नाही. अॅलनकडची पोरं निदान लिहिणारी होती, आणि त्यांना टपाल फुकट होतं, तिकिटाच्या जागी नुसतं फ्री लिहायचं. तुझी पोरं चार महिन्यांनी सुट्टीवर येतील, ग्राउंडवर उभी राहतील आणि म्हणतील मॅडम पत्र मिळालं. तेवढंच.

कामाचं सांगतो. माझ्याकडे जुन्या संघांची वही आहे, निम्मे पत्ते आता चुकीचे असणार पण घरचे फोन नंबर बरेच चालू असतील. रविवारी सकाळी ये, सोबत कुणाला तरी घेऊन ये म्हणजे एक फोन लावेल आणि एक लिहील. काकू पोहे करणार आहे. आणि पहिलं पत्र लिहिलंस की पाठवायच्या आधी मला दाखवू नकोस, मी त्यात करेक्शन करत बसेन.

तुझा,
सर