न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन, टोकियो: पगाराच्या मानाने भाडं कुठे परवडतं?

तुम्ही चार शहरांच्या सरासरी भाड्याचा तक्ता केलाय, सगळं डॉलरमध्ये आणून पगाराने भागलंय, आणि विचारताय की भाडं ३० टक्क्यांच्या आत बसेल ते शहर निवडावं का. मेहनत दिसते, पण त्या तक्त्यात 'भाडं' हा शब्द चार ठिकाणी चार वेगळ्या अर्थांनी आलाय. असा तक्ता मी दोनदा केलाय आणि पहिल्या खेपेला चांगलाच फसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी फजिती बर्लिनची. जाहिरातीत जो आकडा पाहून मी खूश झालो तो 'काल्टमीटे' होता, शब्दशः थंड भाडं, म्हणजे नुसत्या चार भिंतींचं. त्यावर इमारतीची देखभाल, पाणी, कचरा आणि बहुधा हीटिंग चढवलं की होतं 'वार्ममीटे', ऊबदार भाडं. वीज आणि इंटरनेट सहसा त्याच्याही बाहेर. बरं, 'दोन खोल्या' म्हणजे दोन बेडरूम अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तिथे हॉलही खोलीत मोजतात, त्यामुळे बेडरूम निघाली एकच. स्वयंपाकघरात गेलो तर भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले, पण ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. आधीच्या भाडेकरूने सगळं सोबत नेलं होतं, आणि तिथे ते अगदी रीतसर आहे! अनामत रक्कम मात्र कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच दिलासा.

लंडनची खोच वेगळी. तिथे भाडं अनेकदा आठवड्याचं सांगतात आणि आपण भाबडेपणाने त्याला चाराने गुणतो. आठवड्याला ४०० पौंड म्हणजे महिन्याला १,६०० नव्हेत. ४०० गुणिले ५२ भागिले १२ करा, १,७३३ येतात. वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक कर, सहसा राहणाऱ्यानेच भरायचा. तुमच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

टोकियोत दरमहाचं भाडं बघून हायसं वाटतं, पण किल्ली हातात येईपर्यंत खिसा हलका होतो. 'रेइकिन' नावाची घरमालकाला द्यायची भेट असते, साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी, आणि ती परत मिळत नाही. सगळीच घरं ती मागत नाहीत, म्हणून जाहिरातीत तेवढं आधी बघावं. एजंटाचं कमिशन असतं, भाडं थकलं तर हमी देणाऱ्या कंपनीची फी असते. परत न मिळणारे हे पैसे अडीच महिन्यांच्या भाड्याइतके धरा आणि दोन वर्षांच्या करारावर पसरा; भाडं दहा टक्क्यांनी वाढलंच म्हणून समजा. दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवायचा तरी बरेच मालक एक महिन्याचं भाडं नूतनीकरणाचं म्हणून घेतात.

आता तुमच्या ३० टक्क्यांकडे येतो. हा आकडा काही घरखर्चाच्या शास्त्रातून निघालेला नाही. अमेरिकेत १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या कायदादुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाडेकरूंवर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं लावायचं नाही असं ठरलं. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० वर नेली. गरीब कुटुंबांसाठी आखलेली ही रेघ पुढे सगळ्या जगाने आपल्या पगाराला लावून घेतली. न्यूयॉर्कचे घरमालक तीच वेगळ्या भाषेत सांगतात: वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीस पट हवं. ३,००० डॉलरच्या घरासाठी १,२०,००० डॉलर पगार. हिशेब बरोबर ३० टक्के, पण करकपातीआधीच्या पगारावर! न्यूयॉर्कमध्ये केंद्राचा, राज्याचा आणि शहराचा असा तिहेरी प्राप्तिकर कापला जातो. एकट्या माणसाच्या हातात येणाऱ्या पैशांवर मोजलं तर तेच भाडं चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं.

म्हणून टक्के सोडा आणि वजाबाकी करा. समजा एका शहरात हातात २,००० येतात आणि भाडं ६०० आहे, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्यात हातात ६,००० येतात, भाडं २,४००, म्हणजे ४० टक्के. नियमाप्रमाणे पहिलं शहर परवडणारं. पण पहिल्यात उरले १,४०० आणि दुसऱ्यात ३,६००. या उरलेल्यातून तिथल्या दराने जेवण, प्रवास, विमा आणि पाळणाघर भागवा, मग काय शिल्लक राहतं ते बघा. झुरिकसारखं महागडं शहर पगारदार माणसाला झेपतं ते यामुळे. अर्थात तिथे आरोग्यविम्याचा हप्ता सक्तीचा आणि स्वतःच भरायचा असतो, तोही वजा करायचा.

आणि ज्यावर कुणी फारसं बोलत नाही ते आता. शहराचं सरासरी भाडं हे तुमचं भाडं नसतं. त्या सरासरीत वीस वर्षं एकाच घरात राहणारे लोक असतात, ज्यांचं भाडं कायद्याने धरून ठेवलेलं आहे. तुम्ही उद्या विमानातून उतरणार, तुमच्या वाट्याला येणार आजचं जाहिरातीतलं भाडं. व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. तिथले साधारण निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. महापालिकेचीच सुमारे २,२०,००० घरं आहेत. त्यामुळे शहर स्वस्त दिसतं, आणि तिथल्यांना ते आहेही. पण महापालिकेच्या घरासाठी साधारणपणे आधी दोन वर्षं शहरात राहिल्याची नोंद लागते, तोवर तुम्ही खुल्या बाजारात. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख घरांचं भाडं नियंत्रित आहे, पण २०२३ च्या सरकारी पाहणीत शहरातली भाड्याची रिकामी घरं जेमतेम १.४ टक्के निघाली. ज्याला असं घर मिळालंय तो सोडेल कशाला? बर्लिनमध्येही नव्या करारांच्या भाड्याला चाप लावणारा नियम आहे, पण ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं त्यातून सुटलेली आहेत, आणि नवख्याला बहुधा तसलंच किंवा फर्निचरसकट दिलेलं महागडं घर मिळतं.

तुम्ही आकडे घेतलेत ती नंबिओसारखी संकेतस्थळं लोकांनी भरलेल्या माहितीवर चालतात. अंदाजाला ठीक, निर्णयाला नाही. त्यापेक्षा प्रत्येक शहरातल्या स्थानिक जाहिराती उघडा, ऑफिसपासून पाऊण तासाच्या आतली वीस घरं निवडा, चौरस मीटर बघा, भाडी चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, एखादं पेंटहाऊस ती उगाच वर ओढतं.

प्रवासाचं थोडक्यात: लांबचं स्वस्त घर आणि महागडा पास मिळून जवळच्या घराएवढेच पैसे जातात का, तेवढं तपासा. जपानमध्ये बऱ्याच कंपन्या ये-जा करण्याचा खर्च देतात, तिथे लांब राहणं खरंच फायद्याचं ठरतं. अमेरिकेत न्यूयॉर्क सोडून बहुतेक शहरांत गाडी लागतेच, आणि तिचा हप्ता, विमा, पेट्रोल हे भाड्यातच धरायला हवेत.

चारपैकी एक सांगा म्हणालात तर, एकटे असाल आणि २५ चौरस मीटरमध्ये राहायची तयारी असेल तर मी टोकियो म्हणेन. तिथे घरं सतत बांधली जातात आणि नवख्यालाही घर मिळतं. कुटुंब घेऊन पाच-सात वर्षं राहणार असाल तर बर्लिन. पहिलं वर्ष फर्निचरवाल्या महाग घरात जाईल असं धरून चाला. लंडन आणि न्यूयॉर्कचं उत्तर तुमच्या पगारपत्रकाशिवाय देता येणार नाही. कर कापून हातात किती येतात ते चारही शहरांचं खाली लिहा, मग वजाबाकी करून बघू.