खान्देशात तळ्याकाठी एक जुना, पडका बंगला सापडलाय. भर पावसात आत जाऊन व्हिडिओ करायचाय. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बंगला तलावाच्या बांधाला लागून आहे आणि वर धाबं आहे. त्या 'धाबं' शब्दावरच मी अडकलो, कारण दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी नेमका असाच उद्योग केला होता, धुळ्याच्या पश्चिमेला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथं भज्यांची गाडी लागते.

आपल्याकडचं धाबं म्हणजे सागवानी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण पाऊस लागायच्या आधी दरवर्षी कुणीतरी वर चढून पांढरी माती टाकायला लागते. घरातली माणसं गेली की हे थांबतं. मग वर गवत माजतं, पिंपळ रुजतो, पाणी मुरत जातं आणि माती जड होत जाते. तुळईची भिंतीत गाडलेली टोकं आधी कुजतात, उधई (वाळवी) लागते ती तिथंच. खालून बघाल तर तुळई ठणठणीत. त्यात खाली काळी जमीन, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. तिच्यावरच्या भिंती सरळ राहतील कशा?

मी गेलो तेव्हा झडीचा तिसरा दिवस होता. मोटरसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल इतका ठासला की शेवटचा अर्धा किलोमीटर ती ढकलतच नेली. दिवाणखान्यात ट्रायपॉड लावला. चार-पाच ठिकाणी गळत होतं, त्याचा आवाज मस्त येत होता, मी खूश. बकऱ्या घेऊन ओसरीत थांबलेले एक बाबा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तठे जाऊ नको, भीत पडी जाई", म्हणजे तिथं जाऊ नको, भिंत पडेल. मी हसून मान हलवली. मग त्यांनी मराठीत समजावलं: पाणी गळतंय तोवर ठीक, माती गळायला लागली की निघायचं.

दहा मिनिटांनी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कव्हरकडं लक्ष गेलं. आधीचे थेंब नितळ होते. आता प्रत्येक थेंब सुकताना पिवळट कडा सोडत होता आणि ट्रायपॉडच्या एका पायाशी चिमूटभर ओली माती साठली होती. गुपचूप सामान उचललं. त्या दिवशी काही पडलं नाही. पडलं ते पाऊस उघडून ऊन पडल्यावर, तिसऱ्या दिवशी. म्हणून 'पाऊस थांबला, आता जाऊ' हा हिशेब अजिबात करू नका. माळ्यावर किंवा धाब्यावर चढायचं तर नावच काढू नका.

आता शूटिंगचं. खरं सांगतो, माझे चांगले शॉट सगळे उंबरठ्याच्या बाहेरून घेतलेले आहेत. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसतच नाही; काळोख्या दाराच्या समोर पडणारा पाऊस दिसतो. सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंद ठेवलं की धारा लांब येतात. आतून खिडकीकडं, म्हणजे तळ्याकडं, कॅमेरा फिरवलात की ऑटो एक्स्पोजर वेड्यासारखं वरखाली होतं. मोबाइल असेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून ते लॉक करा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. भिजलाच तर तांदळाच्या डब्यात घालू नका, बॅटरी काढून सिलिका जेलबरोबर ठेवा. बोलणं नंतर गाडीत बसून रेकॉर्ड करा. ड्रोन पावसात विसरा.

आणि घाई करू नका. आपल्याकडचे तलाव जूनमध्ये भरत नाहीत, तेव्हा काठाला नुसता चिखल मिळेल. पाणी पायऱ्यांना टेकलेलं हवं असेल तर पोळ्यानंतर जा.

बाकी नेहमीचंच: सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगा, कारण पडकं असलं तरी ते कुणाचं तरी असतं. गुडघ्यापर्यंत बूट घाला, हातात काठी ठेवा. पावसात नाग-घोणसही कोरडी जागा शोधत आत येतात. वटवाघळं असतील तर मास्क लावा. गवतात उघडं टाकं किंवा विहीर असू शकते, काठी टेकवल्याशिवाय पाऊल टाकू नका.

नुसतं पडकेपण आणि पाऊस एवढंच हवं असेल तर तापीकाठचं थाळनेर बघा. खान्देशच्या फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा फारुकी १३९९ साली वारला, त्याची कबर तिथंच आहे. ते दगडी काम आहे, धाब्यासारखं विरघळत नाही. तळं मात्र नाही, नदी आहे.

तुमच्या बंगल्याच्या छताचा आतून काढलेला एखादा फोटो इथं टाका, बघून सांगतो. तो काढताना मात्र दारातच उभे राहा.