स्पेक्ट्रमच्या पाठीला नवी कार्डं : वाचकांचे प्रश्न

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये आला. त्याच्या मागच्या एज कनेक्टरला आता एसडी कार्ड, नवी रॅम, नवे जॉयस्टिक इंटरफेस जोडता येतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच जोडणीचे आहेत.

प्रश्न : ४८के (४८ किलोबाइट रॅमच्या) स्पेक्ट्रमला डिव्हएमएमसी प्रकारचं एसडी कार्ड इंटरफेस लावलं. एरवी मशीन उत्तम चालतं, पण इंटरफेस लावल्यावर कधी मेनू येतो, कधी नुसत्या रंगीत चौकटी. इंटरफेस परत करू का?

इतक्यात नको. इंटरफेसच बिघडलेलं असतं तर मेनू बहुधा एकदाही आला नसता. कधी चालतं, कधी नाही, अशा दुखण्यात आधी कनेक्टर तपासावा, मग वीजपुरवठा.

मागे दिसणारी पट्टी म्हणजे मदरबोर्डचीच कड आहे. २.५४ मिमी अंतरावर २८ जागा, वरच्या-खालच्या मिळून ५६, आणि त्यातली पाचवी जागा खाचेसाठी कापलेली. या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. मशीनची वीज काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा. डाग राहिलेच तर मऊ खोडरबर फिरवा आणि त्याचा चुरा पुन्हा अल्कोहोलने काढा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. वरचा मुलामा एकदा गेला की खालचं तांबं फार लवकर काळं पडतं.

मग इंटरफेसच्या कनेक्टरमध्ये पाचव्या जागी प्लॅस्टिकची किल्ली आहे का ते बघा. स्वस्तातल्या कनेक्टरमध्ये ती नसते, आणि ती नसणं फार महागात पडतं. खालच्या बाजूला तिसरी पट्टी ५ व्होल्टची आणि तिला लागूनच चौथी ९ व्होल्टची आहे. कनेक्टर एक घर सरकून बसला तर इंटरफेसच्या ५ व्होल्टच्या लाइनवर थेट ९ व्होल्ट जातात. वरच्या बाजूला २० वर उणे ५ व्होल्ट, २१ वर वेट सिग्नल आणि २२ वर १२ व्होल्ट आहेत. चालू मशीनमध्ये इंटरफेस हलला आणि यातल्या दोन पट्ट्या टेकल्या, तर १२ व्होल्ट तयार करणारा टीआर४ हा ट्रान्झिस्टर जातो. त्याच्याबरोबर उणे ५ व्होल्टही जातात आणि मग खालच्या १६के रॅमच्या ४११६ चिप एकेक करून मरायला लागतात. म्हणून चालू मशीनमध्ये इंटरफेस लावू-काढू नका, आणि त्याच्याखाली मशीनच्या उंचीचा टेकू द्या.

एवढं करूनही दुखणं राहिलं तर इंटरफेस लावून, मशीन चालू ठेवून कोणत्याही ४११६ वर व्होल्टेज मोजा : १६ नंबरची पिन ग्राउंड, १ वर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५. मल्टीमीटरची टोकं शेजारच्या पिनवर घसरू देऊ नका. उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करा. ५ व्होल्ट ४.७५ च्या खाली उतरत असतील तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : इंटरफेस लावल्यापासून ७८०५ (मशीनमधला ५ व्होल्टचा रेग्युलेटर) आणि त्याची हीटसिंक हात लावता येणार नाही इतकी तापते. ७८०५ च्या जागी स्विचिंग रेग्युलेटर बसवणं योग्य आहे का?

योग्य आहे, आणि नवी कार्डं लावायची असतील तर तो पहिला बदल असावा असं आमचं मत आहे. ७८०५ उरलेलं सगळं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. आत ११ व्होल्ट येत असतील आणि मशीन ०.८ अँपिअर घेत असेल तर (११ − ५) × ०.८ म्हणजे ४.८ वॅट नुसती उष्णता. २०० मिलिअँपिअर घेणारं कार्ड त्यात आणखी १.२ वॅट घालतं.

७८०५ च्याच तीन पायांवर बसणारे, ६.५ व्होल्टपासून पुढे चालणारे स्विचिंग मॉड्यूल मिळतात. १ अँपिअरचं मॉड्यूल नुसत्या मशीनला पुरतं. मागे दोन-तीन कार्डं असतील तर १.५ अँपिअरचं घ्या. जुना रेग्युलेटर ओढून काढू नका, आधी पाय कापा आणि मग एकेक पाय सोल्डर वितळवून काढा. भोकांचा मुलामा निघाला की दुरुस्ती दुप्पट होते. मॉड्यूल बसवल्यावर कार्ड न लावता ५ व्होल्ट मोजा, मगच पुढे जा.

लक्षात ठेवा, १२ व्होल्टची लाइन ७८०५ मधून येत नाही, ती आतल्या ९ व्होल्टवरून वेगळी तयार होते. त्यामुळे ७८०५ बदलल्याने टीआर४ च्या भागातला दोष जाणार नाही. अॅडॉप्टर बदलणार असाल तर ९ व्होल्ट, २ अँपिअर, रेग्युलेटेड घ्या, आणि प्लगचा मधला भाग ऋण असला पाहिजे. बहुतेक आधुनिक अॅडॉप्टरमध्ये तो धन असतो.

प्रश्न : एसडी इंटरफेसच्या मागे सिंक्लेअरचा जुना इंटरफेस १ (मायक्रोड्राइव्ह जोडायचं कार्ड) किंवा झेडएक्स प्रिंटर लावला की काहीच चालत नाही. वेगवेगळे मात्र चालतात.

दोष कशातच नाही, पत्त्यांची टक्कर आहे. त्या काळी चिप वाचवण्यासाठी पोर्टचा पूर्ण पत्ता तपासत नसत, एखाद-दुसरी लाइन बघत. प्रिंटरचा पोर्ट २५१ आहे, पण तो पत्त्याची फक्त ए२ ही लाइन शून्य आहे का एवढंच पाहतो. डिव्हएमएमसीचे पोर्ट २२७, २३१ आणि २३५. यातल्या २२७ आणि २३५ मध्ये ए२ शून्यच असतो, म्हणून प्रिंटरही उत्तर देतो. इंटरफेस १ तर ए३ आणि ए४ वर चालतो. त्याचा २३१ हा पोर्ट थेट तोच आहे, आणि पोर्टच्या पत्त्यांसारखीच रॉमचीही ओढाताण होते, कारण पत्ता ८ वरून सूचना वाचली जाताच दोघंही आपापली रॉम पुढे करतात. इंटरफेस १ ला यावर जोडणीचा उपाय नाही. दोन्हीपैकी एकच लावा.

जॉयस्टिकचं मात्र जमतं. केम्पस्टन या जॉयस्टिक इंटरफेसचा पोर्ट ३१, आणि जुने इंटरफेस फक्त ए५ शून्य पाहतात. डिव्हएमएमसीच्या तिन्ही पोर्टमध्ये ए५ एक असतो, त्यामुळे टक्कर होत नाही. तुमच्या एसडी इंटरफेसवरच केम्पस्टन असेल तर त्याचा जंपर काढून एकच केम्पस्टन चालू ठेवा.

प्रश्न : स्वतः बनवलेल्या बोर्डवर एसडी कार्डसाठी १०के आणि २०के रेझिस्टरने ५ व्होल्टचे ३.३ केले. कार्ड क्वचितच ओळखलं जातं.

व्होल्टेज बरोबर आहे, वेग मारला गेला. विभाजकाचा परिणामी रोध साधारण ६.७के; त्याला तार आणि सॉकेटची मिळून ५० पिकोफॅरड धारिता धरा, तर सिग्नल चढायला ३३० नॅनोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. ३.५ मेगाहर्ट्झ क्लॉकचा अर्धा फेरा जेमतेम १४३ नॅनोसेकंदांचा असतो. सिग्नल वर पोचण्याआधीच खाली यायची वेळ होते.

१के-२के लावलं तर हाच आकडा ३३ वर येतो आणि बोर्ड चालू लागेल. पण खरं उत्तर ७४एलव्हीसी१२५ ही बफर चिप हे आहे : त्याला ३.३ व्होल्ट द्या, इनपुटला ५ व्होल्ट चालतात. कार्डाकडून परत येणारी लाइन एचसीटी चिपमध्ये न्या, एचसीमध्ये नको. एचसीटीला २ व्होल्ट म्हणजे ‘एक’, एचसीला त्यासाठी ३.५ लागतात आणि कार्ड तेवढे देतच नाही. सॉकेटच्या अगदी जवळ १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर हवेत.

प्रश्न : १६के स्पेक्ट्रमला बाहेरून ३२के रॅम द्यायची आहे. जुन्या डायनॅमिक चिप टाळता येतील?

एक ६२२५६ (३२के स्टॅटिक रॅम) आणि एक ७४एचसीटी०० (चार नँड गेटची चिप), एवढ्यात काम होतं. ७० नॅनोसेकंदांची चिप या मशीनला भरपूर वेगवान आहे आणि रिफ्रेशची कटकट नाही. एमरेक हा मेमरी मागणारा सिग्नल (वरची पट्टी १६) एका नँड गेटने उलटा करा. तो आणि ए१५ (वरची १) दुसऱ्या नँड गेटला द्या. त्याचं आउटपुट रॅमच्या २० नंबरच्या पिनला. वाचन सिग्नल (वरची १८) पिन २२ ला, लेखन (वरची १९) पिन २७ ला. उरलेल्या दोन गेटचे इनपुट ग्राउंडला जोडा, प्रत्येक चिपला १०० नॅनोफॅरड द्या. डेटा आणि पत्त्याच्या लाइनींचा क्रम बदलला तरी चालतो, कारण जिथे लिहिलं तिथूनच वाचलं जातं. बोर्ड आखताना याचा फायदा घ्या.

चालू केल्यावर बेसिकमध्ये प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ द्या. ६५५३५ आलं तर सगळी रॅम सापडली. ३२७६७ आलं तर आधी ए१५ ची तार तपासा. मधलाच आकडा आला तर त्याच्या लगेच पुढच्या पत्त्यावर रॅम चाचणीत अडली आहे. ४८के मशीनला हे कार्ड लावू नका, तिथे त्याच पत्त्यावर आतली रॅम आहे.