मातकट भिंत रात्री जांभळी दिसते

प्रश्न : ताई, ठाण्याला जुन्या बिल्डिंगमध्ये आमचा फ्लॅट आहे, फरशी कोट्याची. दिवाळीआधी हॉल रंगवला. शेड कार्डावरचा टोप घेतला, म्हणजे राखाडी आणि तपकिरीच्या मधला तो मातकट रंग. दिवसा बरा वाटतो पण ट्यूब लावली की भिंत चक्क जांभळट दिसते, सासूबाई म्हणतात मळकट दिसतंय, परत पांढराच मारा. पेंटरने डबा चुकीचा आणला असेल का?

उत्तर : थांबा, पांढरा इतक्यात मारू नका. डबा बहुतेक बरोबरच असणार. हे मातकट रंग दिसतात साधे पण प्रत्येकाच्या पोटात एक झाक असते, कुणात गुलाबी, कुणात हिरवट, कुणात पिवळट, आणि कार्डावरच्या बोटभर तुकड्यात ती कळतच नाही. तुमच्या शेडमध्ये गुलाबी असणार, भिंतीला कोरा पांढरा कागद लावून बघा, लगेच दिसेल.

आता तुमची फरशी. कोटा हिरवट असतो आणि हिरव्याशेजारी कुठलाही मधला रंग जास्त लालसर, गुलाबी वाटतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रं विणण्याच्या कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ होता, तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या धाग्यांमुळे तसं दिसत होतं. यावर त्याने १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ छापला. तुमच्या हॉलमध्ये तेच चाललंय, आणि वर ती निळसर पांढरी ट्यूब, बहुतेक ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), म्हणजे गुलाबीत निळं पडलं, झालं जांभळं.

म्हणून आधी लाइट बदला. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं, ३००० वाला घ्या, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० मिळाला तर उत्तमच, पण एकदम सहा आणू नका, एकच आणा आणि दोन संध्याकाळी लावून बघा. मग त्या भिंतीसमोरची फरशी थोडी झाका, ज्यूटची चटई किंवा न रंगवलेल्या लोकरीचं घोंगडं, मला तर घोंगडंच आवडेल, या रंगाशी त्याच्याइतकं काही जुळत नाही.

सासूबाईंचं मळकट पण खरं आहे हं. सीलिंग आणि दाराच्या चौकटी झगझगीत पांढऱ्या असतील तर त्यांच्या शेजारी मातकट रंग धुळकटच दिसणार. तिथे सायीसारखा पांढरा द्या. वारली घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं किती छान बसतं बघा, ते कधी डोळ्यांत खुपत नाही.

एवढं करूनही जांभळं राहिलंच तर ती एकच भिंत परत रंगवा, यावेळी पिवळट झाकेचा शेड. आधी सॅम्पलची छोटी डबी आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, आणि तो टेबलावर आडवा ठेवून बघू नका, भिंतीला टेकवून फरशीवर उभा करा, सकाळी, दुपारी, आणि लाइट लावल्यावर सासूबाईंना घेऊन.