रिमोटवरचे यंत्र आणि जवळ उभा असलेला माणूस

प्रश्न : महोदय, माझा भाचा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्वयंचलित यंत्रांची विद्युत देखभाल करतो. विदर्भातील एका भूमिगत कोळसा खाणीत त्याच कामासाठी त्याला बोलावणे आले आहे. तेथील यंत्रे रिमोटवर चालत असल्याने जिवाला धोका नाही, असे तो म्हणतो. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : भाच्याचे म्हणणे खरे आहे, पण यंत्रचालकापुरते, आणि तेही अर्धेच.

भूमिगत खाणीत रिमोट आला, त्याचे मोठे कारण म्हणजे छत. कोळसा कापल्यावर नव्याने उघड्या पडलेल्या छताला बोल्टचा आधार मिळेपर्यंत त्याखाली माणसाने पाऊल टाकायचे नसते. म्हणून कंटिन्युअस मायनरचा, म्हणजे कोळसा सलग कापत जाणाऱ्या यंत्राचा, चालक आधार दिलेल्या भागात मागे थांबतो आणि कमरेला बांधलेल्या पेटीवरील दांड्यांनी यंत्र पुढे ढकलतो. छत कोसळले, तरी खाली सापडते ते यंत्र. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही.

मात्र हा चालक यंत्रापासून काही पावलांवरच असतो. अरुंद गल्लीत, धुळीत, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात यंत्र वळवताना त्याचा मागचा भाग भिंतीकडे सरकतो, आणि मध्ये उभा असलेला माणूस चिरडला जातो. अमेरिकेत असे मृत्यू होत राहिल्यामुळे तेथील खाणसुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये, माणूस फार जवळ आल्यास यंत्र आपोआप थांबवणारी प्रणाली अशा बहुतेक यंत्रांवर सक्तीची केली. स्वीडनमधील किरुनाच्या लोहखाणीत हजार मीटरहून अधिक खोलीवर चालकाविना रेल्वेगाड्या खनिज वाहतात. चालक खरोखर दूर असतो तो अशा ठिकाणी.

तुमचा भाचा तर चालकही नसेल. यंत्र बंद पडले की त्याच्यापर्यंत चालत जावे लागते ते देखभाल करणाऱ्यालाच. कोळसा खाणीत मिथेन हा पेट घेणारा वायू असतो, त्यामुळे तेथील विजेच्या पेट्या फ्लेमप्रूफ असतात : आत ठिणगीने स्फोट झालाच, तर पेटीने तो सोसायचा आणि झाकणाच्या काठाशी असलेल्या अतिशय बारीक फटीतून बाहेर येताना ज्वाला थंड व्हायची, अशी त्यांची रचना असते. एक बोल्ट ढिला राहिला किंवा त्या काठावर ओरखडा पडला, तरी हे संरक्षण संपू शकते. कारखान्यातील पॅनेलचा राहिलेला स्क्रू उद्या लावू म्हणण्याची सवय त्याला असेल, तर ती त्याने नाशिकमध्येच सोडून जावे, हे मी कळकळीने सांगतो.

खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम, १९६६ नुसार मिळणारे प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय त्याने कामाला हात लावू नये. दुरुस्तीपूर्वी यंत्राचा वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावण्याची पद्धत तेथे कशी पाळली जाते, हे त्याने रुजू होण्याआधीच विचारावे. आणि त्या कुलपाची किल्ली काम संपेपर्यंत त्याच्याच खिशात राहील, याची खात्री करून घ्यावी.